कॅचरचे गुडघे

प्रिय फेर्मिन,

मंगळवारी तू यायच्या आधीच मी तुझ्या बेसबॉलच्या मैदानावर येऊन गेलो. फाटकाची तार सोडवून आत शिरलो, तर तुझा कॅचर लेउरिस एकटाच चुन्याच्या रेषा ओढत होता. त्याला म्हटलं, बॅट घे. तो म्हणाला, "डॉन आन्सेल्मो, आत्ता पिचर येतील, मला त्यांचे बॉल झेलायचेत." म्हटलं, ते अजून अंथरुणात असतील, तू मार. माझ्या खांद्याची अवस्था तुला ठाऊकच आहे, तरी मीच बॉल टाकले. त्याने मारलेला एक बॉल कुंपणावरून गेला आणि ऊस नेणाऱ्या गाडीच्या रुळांपलीकडे जाऊन पडला. एवढ्या वर्षांत इतकी पोरं पाहिली, पण सोळाव्या वर्षी असा फटका मारणारा कॅचर माझ्या पाहण्यात नाही.

तरीही मी ज्यांच्यासाठी पोरं हेरतो, त्या आमच्या क्लबचे साहेब त्याला नको म्हणतात. त्यांनी त्याला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा दुपारी. म्हणाले, "हातात जोर आहे, पण बॅट उशिरा येते. आळशी दिसतो." पुढच्या महिन्यात शेवटची चाचणी आहे. तेव्हाही तसाच खेळला, तर त्याचं नाव कायमचं कटणार.

म्हणून त्या मंगळवारी मी टोपी डोळ्यांवर ओढून सावलीत बसून राहिलो. आधी तुझे पिचर आले, मग तोलेन्तिनोच्या मैदानावरचे, मग नदीपलीकडून एक गाडी भरून. सगळ्यांना कॅचर उसना हवा, आणि तू प्रत्येकाला म्हणत होतास, "न्या की, हा थकत नाही." सकाळभर उकिडवं बसून सगळ्यांचे बॉल झेलल्यावर फलंदाजीची पाळी आली, तेव्हा त्या पोराला जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. बॅटला जोर पायांतून येतो, फेर्मिन, आणि त्याचे पाय दुपारपर्यंत संपलेले असतात.

जेवताना मी तुला हे सांगितलं. तू ताटातलं केळं कुस्करत म्हणालास, "दादा, चर्चमध्ये गुडघे टेकून टेकून तुला आता सगळ्यांच्याच गुडघ्यांची काळजी लागलीय." सगळी पोरं हसली, मीही हसलो. मग तू हळूच म्हणालास, "मी नाही म्हटलं तर उद्या माझ्या पोरांच्या सरावाला पिचर कोण देईल?" तेही खरंच. तुझं मैदान अशा उसनवारीवरच चालतं.

गुरुवारी तो लंगडताना दिसला. दुखतं का म्हणून विचारलं, तर इकडेतिकडे बघून म्हणाला, "दुखतं म्हटलं तर माझ्या जागी दुसऱ्याला बसवतील." रविवारी मी चर्चमध्ये अल्ताग्रासिया मातेपुढे बराच वेळ बसलो. तिने काही सांगितलं असं म्हणत नाही, पण उठलो तेव्हा मन स्थिर होतं. तिथून तसाच त्याच्या आईकडे गेलो. बिएनवेनिदाबाई मासे तळत होत्या. त्या म्हणाल्या, "घरी आला की माडीवर चढत नाही, खालीच पसरतो. मला वाटायचं, वयच तसं आहे." आणि मग, "तुमचा भाऊ रागावेल हो." म्हटलं, रागावू दे, भाऊ माझा आहे.

साहेबांशीही बोललो. या वेळी सकाळी या आणि आधी फलंदाजी बघा, असं सांगितलं. कुरकुरले, पण कबूल झाले.

हे सगळं तुझ्यासमोर बसून बोलायला हवं होतं. पण तू मनधरणी करायला लागलास की माझं काही चालत नाही, म्हणून काम उरकल्यावरच लिहितो आहे. आज दुपारी लेउरिसला मी त्याच्या मामाकडे, वर डोंगरात कोन्स्तान्साला जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. त्याची आई सोबत गेली आहे. चाचणीच्या दिवशी तो परत येईल आणि तुझाच पोरगा म्हणून उभा राहील. क्लबने त्याला घेतलं, तर त्या पैशातल्या तुझ्या हक्काच्या वाट्यातलं मला काही नको. तोवर तो कुणाचाही बॉल झेलणार नाही. उद्या सकाळी पिचर आले की त्यांना सांग, कॅचर नाही.

तुझाच,
आन्सेल्मो