काळ्या फरशांची रेघ

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय छकुले,

शाळेच्या व्हरांड्यातली काळ्या फरशांची रेघ आठवते? सिस्टर आपल्या डोक्यावर पुस्तक ठेवून त्या रेघेवरून चालायला लावायच्या. मी पुढे, तू माझ्या वेणीची रिबीन धरून मागे. पुस्तक तुझं पडायचं आणि हसू मला फुटायचं. माझं मात्र कधीच पडलं नाही.

तुम्ही सगळे बरे असाल. खिडकीतल्या कुंडीला कळ्या आल्यात. अक्षर पाहून दचकू नकोस. हात स्थिर राहावा म्हणून मनगटाला वाळूची थैली बांधून लिहितेय, तरी अक्षरं मोठी होऊन ओळीबाहेर पळतात.

भरतकाम सोडलं. डोळे थकले, असं सगळ्यांना सांगते. डोळे ठणठणीत आहेत गं. सुईचं नाक नीट दिसतं, पण दोरा तिथवर नेला की हात थरथरतो आणि पुढेच निघून जातो. डॉक्टरांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, ते मी डोळ्यात घातलं. मग फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत. लगेच नर्सला मला धरावं लागलं. डोक्यावर पुस्तक नव्हतं, तरीही.

ते म्हणाले, डोक्याच्या मागे, मानेच्या वर लहान मेंदू असतो. कप उचलायचा हे मोठा मेंदू ठरवतो. पण हात किती न्यायचा, कुठे आवरायचा, कोणत्या स्नायूने कधी ओढायचं आणि कधी सोडायचं, हे लहान मेंदू जुळवतो. एकदा चुकलं तर पुढच्या खेपेला सुधारतोही तोच. माझा झिजत चाललाय. अंगात ताकद आहे, काय करायचं ते कळतं, फक्त माप गेलंय. जीभही त्याच्याच हुकमातली, म्हणून बोलणंही बोबडं झालंय. औषध नाही.

घरात आणखी कोणाला होतं का, असं त्यांनी विचारलं आणि मला बाबा दिसले. भिंतीला हात लावत घरी येणारे. आपण दोघींनी बाटलीसाठी पाण्याची टाकी, कपाट, माळा, सगळं धुंडाळलं होतं. सापडली नाही तेव्हा तू म्हणालीस, बाबा फार हुशार आहेत. मग आपण त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

बाबा पीत नव्हते गं.

हे मला तुझ्या लेकीच्या लग्नाआधीच कळलं होतं. त्या लग्नात मी सरबताच्या ट्रेसकट सगळ्यांसमोर आपटले. तू दात आवळून म्हणालीस, "शेवटी बाबांवरच गेलीस, ताई. घरी जा." मी गेले. दारू म्हटली तर बदनामी माझ्या एकटीची होती. आजाराचं नाव काढलं असतं, तर तो रक्तातून उतरू शकतो हेही सांगावं लागलं असतं, आणि पोरीच्या सासरची माणसं शेजारीच उभी होती. वाटलं, तिचा आजचा दिवस तरी सुखाचा जाऊ दे. त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस, तेही सोसलं.

पण परवा तुझी लेक येऊन गेली. तुला सांगू नको म्हणाली, मी सांगतेय. स्वतः चहा केला. कप बशीत ठेवायला गेली तो बशीच्या पलीकडे टेकला. हसून म्हणाली, "आई म्हणते, माझ्याइतकी वेंधळी दुसरी नाही." आता बाळाचा विचार चाललाय म्हणाली. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. मी वरून हाक मारायला गेले, तर जीभ वळेना आणि तोवर ती निघून गेली.

मी चुकत असेन. देवा, मी चुकत असू दे. पण तिला वेंधळी म्हणू नकोस. काही पितेस का, असं तर मुळीच विचारू नकोस. घरातल्या फरशीच्या रेघेवरून तिला चालव आणि लगेच डॉक्टरांकडे ने. बाळाआधी, छकुले. माझ्यावर राग ठेव हवा तर, पण तिला ने.

मी गेल्यावर भरतकामाची चौकट आणि रेशीम शेजारच्या शिंपीणबाईंना दे. माझा मेंदू डॉक्टरांना द्यायचा आहे, मी सही केलीय. आडवी येऊ नकोस. बाबांचा फोटो तू घे आणि तुझ्या बाहेरच्या खोलीत लाव, आतल्या नको.

माझी शाळेतली रिबीन अजून आहे. ती तुझ्या लेकीला. ती रेघेवरून चालेल तेव्हा मागचं टोक तू धर.

तुझ्यापुढे चालत आलेली,
ताई