आपोआप विरणारी घरं

बाळ्या,

जग तुला डॉक्टरसाहेब म्हणो, मला ते जमणार नाही.

राज्यं कशी घडतात यावरचं तुझं पुस्तक तू माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलंस. राज्य वाढलं की जुन्या वस्त्या आपोआप विरून जातात, असं त्यात आहे. मी तेव्हाच विचारलं होतं, "आपोआप म्हणजे कसं रे?" तू हसलास. "ताई, तो सिद्धांत आहे."

काल बुलडोझर घेऊन आलेल्या साहेबांनी तेच वाक्य आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारचा शिंपी मशीन उचलता उचलता मला म्हणाला, "आपोआप म्हणजे कसं हो, ताई?" मी त्याच्या मशीनचं दुसरं टोक धरलं.

हे पत्र टाकणार नाही. तू लगेच उत्तर लिहिशील, सवयीनं जुनाच पत्ता घालशील, आणि ते घर तर काल आपोआप विरलं.

तुझी,
ताई