डॅडला हरवा

२४ ऑगस्ट, रविवार
आमच्या फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, झाला. माझा संघ लीगच्या इतिहासातला सर्वांत मजबूत. ही फुशारकी नाही. लीगचा कमिशनर या नात्याने नोंद करतोय.

यंदा इथल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं की आमच्या तळघरात जमायला नको, आपापल्या घरून फोनवरच खेळाडू निवडू. मी लगेच हो म्हटलं. पुढाऱ्याने लवचीक असावं. तरी खुर्च्या मांडल्या आणि ब्राट्स सॉसेज बिअरमध्ये उकळून ठेवले. सवयीने कुणी आलंच तर पंचाईत नको.

माझा सिद्धांत: सगळे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे धावत असतील तेव्हा आपण किकर उचलावा, ज्याला लोक नुसती किक मारतो म्हणून शेवटच्या फेरीत घेतात. तिसऱ्याच फेरीत स्टुकीला घेतला. कुणी हूं की चूं केलं नाही. बसला असणार धक्का. बाकी सगळ्यांच्या नावापुढे 'ऑटो' असं दिसत होतं, म्हणजे त्यांच्या वतीने कॉम्प्युटर निवडत होता. माझ्यासमोर स्वतः यायची छाती नाही, दुसरं काय!

माझ्या मुलाच्या, डेरेकच्या, संघाचं नाव अजून तेच, 'डॅडला हरवा'. शाळेत असताना ठेवलं होतं. आता फिनिक्सला असतो, चांगली नोकरी आहे, पण नाव बदललेलं नाही. याचा अर्थ ईर्षा जिवंत आहे.

ब्राट्स फ्रीजमध्ये ठेवले. आठवड्याची सोय झाली.

७ सप्टेंबर, रविवार
पहिला सामना जिंकलो. व्हर्लिनचा धुव्वा. पेपर मिलमध्ये जन्मभर माझ्या शेजारच्या मशीनवर होता, पण दयामाया नाही.

शेजारची बेव्ह झुकिनी ब्रेड घेऊन आली. हे सगळं असतं तरी काय, म्हणाली. मी समजावलं. खऱ्या खेळाडूंमधून आपण मनाने एक संघ बांधायचा. ते रविवारी खऱ्या मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. दर आठवड्याला लीगमधल्या कुणा एकाशी लढत. ती म्हणाली, म्हणजे तू पळत नाहीस, तुझी माणसं एका संघातलीच नाहीत, आणि हरलास की तोंड मात्र तुझं उतरणार? मी म्हटलं, हरलो तर ना! ती म्हणाली, ड्वेन, मंगळवारी सीनियर सेंटरमध्ये पत्ते असतात, येत जा. मंगळवारी कुणाच्याच संघात नसलेल्या मोकळ्या खेळाडूंवर बोली लागते. वेळ कुठे आहे?

१६ सप्टेंबर, मंगळवार
डेरेकला ट्रेड पाठवला. माझा चांगला क्वार्टरबॅक द्यायचा, बॉल झेलणारा त्याचा बाकावर बसलेला रिसीव्हर घ्यायचा. वर लिहिलं, विचार कर, घाई नाही.

मार्लिस होती तेव्हा तो दर रविवारी फोन करायचा. तासभर आईशी बोलायचा. मग ती 'घे, बोल' म्हणून फोन माझ्या हातात कोंबायची आणि आम्ही दोघं संघाबद्दल बोलायचो. ती गेली. आता फोन कुणी कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न तसाच राहिलाय. म्हणून ट्रेड. ट्रेडला उत्तर द्यावंच लागतं.

२८ सप्टेंबर, रविवार
उत्तर नाही. पक्का सौदेबाज निघाला. माझ्यावर गेलाय.

ट्रेडमध्ये एक रनिंग बॅक वाढवून दिला.

स्टुकीच्या तिन्ही किक हुकल्या. वारा होता. छताखालचं स्टेडियम होतं, पण दार उघडं असेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
फिश फ्रायच्या जेवणाला गेलो. व्हर्लिन भेटला, बायको जीन आणि नातवंडांसकट. मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, खांदा मोडलेला माणूस गेला महिनाभर संघात ठेवलायस, चाल काय आहे? तो म्हणाला, कसली चाल बाबा, नातवाच्या फोटोंना जागा होत नव्हती म्हणून ते ॲपच काढून टाकलं फोनवरून. आणि ताटातला मासा माझ्या ताटात टाकत म्हणाला, रविवारी ये की घरी, मॅच एकत्र बघू, जीन बीन्सची चिली करणार आहे.

मला बेसावध करायचा डाव. एवढा कच्चा मी नाही. शत्रूच्या गोटात बसून चिली खायची आणि बोलण्याच्या नादात आपला बेत फोडायचा? नम्रपणे नकार दिला. रविवारी डबाबंद सूप घेतलं.

मासा चांगला होता.

२ नोव्हेंबर, रविवार
सलग विजय चालू आहेत. पण एक गोष्ट खटकते. या आठवड्यात ज्यांची मॅचच नाही असे खेळाडू लोकांनी संघात तसेच ठेवलेत. एकाचा तर निवृत्त झालाय. अशाने लीगची अब्रू जाते.

कमिशनरला कुणाचाही संघ लावता येतो. नियमातच आहे, नियम मीच लिहिलेत. सकाळी कॉफी घेऊन बसलो आणि सगळ्यांचे संघ नीट लावून दिले. ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे हं. व्हर्लिन हट्टी, म्हणून त्याचा म्हातारा क्वार्टरबॅक हलवला नाही. डेरेकच्या संघाला जास्त वेळ लागला. त्याला लहानपणापासून वेगवान रिसीव्हर आवडतात. अंगणात बॉल फेकला की पोरगं कुंपणापर्यंत पळायचं.

जाता जाता त्याच्या वतीने माझा ट्रेडही मान्य करून टाकला. फायदा त्याचाच होता. मग त्याला ॲपवरच मेसेज केला, छान सौदा केलास.

खूप दिवसांनी रविवार भरल्यासारखा वाटला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
डेरेकला जमलं नाही. काम आहे. मेसेज आला, डॅड, ख्रिसमसला जमतंय का बघतो. बेव्हने तिच्याकडे जेवायला बोलावलं होतं, पण दुपारी स्टुकीची मॅच. कमिशनरला सणवार नसतो. संध्याकाळी ती दारात ताट ठेवून गेली. टर्की, स्टफिंग, क्रॅनबेरी, वर चिठ्ठी: किकर जिंकला का? नाही जिंकला.

सहज एक नोंद. जिंकणाऱ्याने ट्रॉफी न्यायला स्वतः आमच्या घरी यायचं, पोस्टाने पाठवली जाणार नाही, असा आपल्याकडे नियम आहे. माझ्या सगळ्या नियमांत हा एकच मार्लिसचा. म्हणाली होती, नाहीतर ही पोरं येणार कधी? ट्रॉफी म्हणजे तिचाच बोलिंगचा जुना कप, वर प्लॅस्टिकचा फुटबॉल चिकटवलेला.

'डॅडला हरवा' सध्या चौथ्या स्थानावर आहे. तेही आपलं सहज.

२१ डिसेंबर, रविवार
उपांत्य फेरी. मी जिंकलो. दुसऱ्या सामन्यात डेरेक विरुद्ध व्हर्लिन. दोन्ही संघ मीच लावले. अत्यंत निःपक्षपातीपणे. व्हर्लिनचा म्हातारा क्वार्टरबॅक बदलायचा राहिला, पण मागे लिहिलंय तसा तो स्वभावानेच हट्टी. डेरेक जिंकला.

फायनल: मी विरुद्ध 'डॅडला हरवा'.

२३ डिसेंबर, मंगळवार
डेरेक ख्रिसमसला येत नाही. विमानाची तिकिटं मिळत नाहीत. मी म्हटलं, काही बिघडत नाही, जानेवारी आहे की. तो म्हणाला, जानेवारीत काय आहे? मी म्हटलं, बघू. उगाच पत्ते उघडे करू नयेत.

त्याच्या खोलीतली चादर बदलली. हीटर लावून पाहिला, चालतो.

२७ डिसेंबर, शनिवार
फायनलचे संघ लावायचे. डेरेकचा क्वार्टरबॅक, म्हणजे माझाच जुना, गुडघा दुखावल्याने बाहेर. तसाच ठेवला तर मी जिंकतो. मार्लिस गेल्यापासून काही मोठं जिंकलेलो नाही, हेही खरंच.

पण ती बेइमानी झाली असती. मोकळ्या खेळाडूंमध्ये एक पोरगेला क्वार्टरबॅक सापडला. तो त्याच्या संघात घातला. वेगवान रिसीव्हर दोन्ही घातले. माझ्या बाजूने स्टुकीच ठेवला. लोक याला मूर्खपणा म्हणतील. मी निष्ठा म्हणतो.

२८ डिसेंबर, रविवार
हरलो!

शेवटच्या मिनिटाला स्टुकीची किक खांबाला लागून बाहेर. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की बेव्ह कोट चढवून धावत आली, छातीत कळ आली का विचारायला. मी म्हटलं, पोरगा येतोय. ती म्हणाली, अरे वा, कधी? मी म्हटलं, ठरेल आता. तिने मिठी मारली.

फोन उद्या करावा. विजेत्याला एक रात्र आनंद साजरा करू द्यावा.

३० डिसेंबर, मंगळवार
काल धीर झाला नाही. आज केला.

डेरेकने पहिल्याच रिंगला उचलला. घाबरला होता. डॅड? काय झालं? बरा आहेस ना? मी म्हटलं, अभिनंदन, हरवलंस मला. तो म्हणाला, कशात? मी म्हटलं, लीगमध्ये. फायनल जिंकलास. तो म्हणाला, कुठली लीग?

मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, डॅड, मी तर ते गेल्या वर्षापासून उघडलेलंच नाही. मला वाटलं, मॉम गेल्यावर ते बंदच पडलं. मग माझा संघ कोण... आणि मध्येच थांबला. पुढचं विचारलं नाही. पोरगा समंजस आहे.

मी म्हटलं, ते राहू दे, नियमाप्रमाणे ट्रॉफी घ्यायला इथे यावं लागतं. खोली तयार आहे. तो म्हणाला, हो, हो, येतो ना. जानेवारीत कठीण आहे. फेब्रुवारीत पण... डॅड, तोपर्यंत पोस्टाने पाठवतोस का? ऑफिसात टेबलावर ठेवीन. खरंच ठेवीन.

आवाज रडवेला झाला होता. त्याचा. बहुतेक त्याचाच. मी म्हटलं, नियम बदलावा लागेल, बघतो.

नियम बदलायला मतदान लागतं. संध्याकाळी बसून घेतलं. सगळ्यांच्या वतीने मीच मतं टाकली, ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे. ठराव मंजूर झाला. ट्रॉफी पोस्टाने जाईल.

विरोधात एक मत पडलं.