वरच्या गावातलं गुपचूप लग्न

सेव्हेनचे डोंगर, फ्रान्स, वरचं गाव
१२ नोव्हेंबर

प्रिय सोलेनताई,

तू बरी असशील, गुडघा नेहमीसारखा कुरकुरत असेल आणि तिकडे ब्रिटनीत मासळीबाजारात पहाटेपासून बर्फ उपसत असशील असं धरून चालतो. मी ठीक आहे. हात फाटलेत, पण ते कांद्यांमुळे. द्राक्षं संपल्यावर इथे कांदे सोलायचं काम मिळालं. कांदा गोड आहे म्हणतात इकडचा, डोळ्यांना मात्र तसं काही कळत नाही.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. सरपंचबाई योलांद स्वतः चढण चढून देऊन गेल्या, कारण पूल गेल्यापासून पोस्टमन वर येत नाही. तू विचारलंस, तारीख ठरली का, साक्षीदार म्हणून निळा कोट घालून आले तर चालेल का, आणि मी निदान त्या दिवशी तरी बूट घालणार आहे की नाही. तर निळा कोट चालेल. बुटांचं बघू. तारीख पुढे गेली आहे.

फोन का करत नाहीस म्हणशील. एक तर झोपडीत रेंज नाही, आणि दुसरं म्हणजे तुझ्याशी बोलताना मला काही टाळता येत नाही. पत्रात जरा सवड मिळते.

सध्या मी योलांदबाईंच्या धनगरी झोपडीत राहतोय. दगडी आहे, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. लग्न झाल्यावर पहिले काही दिवस आम्ही इथेच राहायचं ठरवलं होतं. छप्पर मी नीट केलं, आतून चुना मारला, आणि मग कळलं की शेळ्या चुना चाटतात. त्यातली एक कानतुटकी तर दार ढकलून आत येते आणि पलंगाशेजारची भिंत चाटत बसते. मागलोन म्हणायची, राहू दे तिला, आपलं पहिलं पोर तेच.

हां, तर बेत. मूळ बेत मी तुला नीट सांगितलाच नव्हता, नुसतं 'ये' म्हणून लिहिलं होतं. ऑक्टोबरात, चेस्टनट वेचून झाले की, मागलोनने सकाळी मधाच्या कामाला निघाल्यासारखं घरातून निघायचं आणि डोंगराची कड ओलांडून वरच्या गावात यायचं. मी आधीच इथे. पंचायतीच्या कचेरीत योलांदबाई, दोन साक्षीदार आणि आम्ही. साक्षीदार म्हणजे तू आणि योलांदबाईंचा नवरा, जो ठार बहिरा आहे, त्यामुळे त्याच्या तोंडून काही बाहेर जायची भीती नव्हती. मग पठारावर गवतात टेबल मांडायचं. शेळीचं चीज, भाजलेलं कोकरू, योलांदबाईंचा चेस्टनटचा केक. फोटो नाही, भाषण नाही. संध्याकाळी तू खाली स्टेशनवर आणि आम्ही दोघं झोपडीत. बस. योलांदबाईंना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "पोरांनो, पळून जाऊन लग्न करायला शहरातली माणसं इथे येतात. पॅरिसहून येतात, लंडनहून येतात, कुरणात खुर्च्या मांडायला पैसे मोजतात. इथून निघून इथेच पळणारे तुम्ही पहिले."

आणि एवढं लपवायचं काय, असं तू विचारलंस. तर मागलोनचे वडील, एलीकाका. माणूस वाईट नाही. पण मी त्यांच्या लेखी 'द्राक्षवाला'. नावाने हाक कधी मारली नाही. एकदा जेवताना चीज कापता कापता म्हणाले, "हंगामाबरोबर जे येतं ते हंगामाबरोबर जातं," आणि तुकडा मलाच पुढे केला. मी खाल्ला. चीज चांगलं होतं.

मागलोनचं म्हणणं, बाबांना झाल्यावर सांगू. होण्याआधी सांगितलं तर वाद घालतील, वर्षभर घालतील. झालेल्या गोष्टीवर ते बोलत नाहीत. गारा पडून गेल्यावर आभाळाशी कोण भांडतं?

खरी अडचण नोटिशीची. तुला माहीतच आहे, लग्नाआधी नावं पंचायतीबाहेरच्या काचेच्या पेटीत लावावी लागतात, हरकत असेल त्याने घ्यावी म्हणून. मुलीच्या गावातही लावावी लागतात. मागलोनच्या गावात ती पेटी नेमकी पाववाल्याची गाडी थांबते तिथे. एलीकाका पाव घेतात आणि पेटीत जे असेल ते वाचून काढतात. कुणी कुंपणाची परवानगी मागितली, कुणाची विहीर तपासली, सगळं. म्हणून असं ठरलं की मागलोनने आधी कागदोपत्री वरच्या गावात राहायला यायचं, म्हणजे नोटीस फक्त इथे लागेल, आणि इथे ती वाचणार शेळ्या. पण पत्ता बदलला तरी तिचं टपाल इकडे फिरणार, वडिलांना कळणार. मग तेही अगदी शेवटी करू म्हटलं. तोवर सगळं तोंडी. एकमेकांना मेसेजसुद्धा लिहायचो नाही, तिचा फोन घरात वडीलही उचलायचे. इतकं बेमालूम लपवलं ना ताई, की आम्हालाच आमचं कौतुक.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस आला. तू बातम्यांत पाहिलं असशील. इथे दर शरदात असा पाऊस येतो, समुद्राकडून ढग येतात आणि डोंगराला अडकून रिकामे होतात. मागलोनच्या मधमाश्या जुन्या पद्धतीच्या, पोखरलेल्या चेस्टनटच्या खोडांत राहणाऱ्या. त्यातली बरीच खोडं डोंगरशेतीच्या अगदी खालच्या, नदीकाठच्या पायरीवर होती. इशारा आला तशी मागलोन गाडी घेऊन खोडं वर आणायला गेली. मी तेव्हा खाली सपाटीवर द्राक्षांत होतो आणि रस्ते बंद झाले.

गाडी दोन गावं खाली सापडली. मागलोन त्याच्याही खाली.

लिहिलं एकदाचं. तुला कळवायला दीड महिना लावला, त्याबद्दल काय वाटेल ते बोल. पण जोवर तू तिकडे निळ्या कोटाचा विचार करत होतीस, तोवर कुठेतरी आमचं लग्न ठरलेलं होतं.

आता पुढचं नीट वाच, मला वेड लागलेलं नाही. तारीख पुढे गेली आहे असं मी लिहिलं ते खरंच आहे. आपल्या फ्रान्समध्ये मेलेल्या माणसाशी लग्न लावता येतं. राष्ट्राध्यक्षांची सही लागते, पण येतं. योलांदबाईंनी कायद्याचं पुस्तक काढून दाखवलं. मला त्यातून घर, जमीन, मध, काही मिळत नाही, आणि नकोच आहे. मला पाहिजे ते वेगळंच. इकडची प्रोटेस्टंट घरं आपली माणसं आपल्याच जमिनीत पुरतात. मागलोनला घरामागे सुरूच्या झाडांखाली ठेवलंय. गावच्या दफनभूमीत असती तर कुणीही जाऊन बसलं असतं, कुणी विचारलं नसतं. पण घरामागे जायला फाटक आहे आणि फाटक एलीकाकांचं. खाजगी जागेतल्या थडग्यापर्यंत जायचा हक्क कायद्याने फक्त घरच्यांना. नवऱ्याला कुणी अडवू शकत नाही.

अडचण अशी की तिला लग्न करायचं होतं याचा पुरावा लागतो. लोकांकडे असतो. नोटीस असते, शिवायला टाकलेला पोशाख असतो, मामा-मावश्यांना दिलेली आमंत्रणं असतात. आमच्याकडे काही नाही. माझं तुला लिहिलेलं पत्र चालत नाही, ते माझं म्हणणं झालं, तिचं नव्हे. योलांदबाईंनी जबाब दिला आहे, पण एकट्या सरपंचाचा पुरत नाही, सरकारी वकील घरच्यांना विचारणार. म्हणजे एलीकाकांना.

त्यांच्याशी बोलायला जायचं आहे. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. अंत्यविधीच्या दिवशी त्यांनी कुणाला तरी माझ्याबद्दल सांगितलं, "द्राक्षं तोडायला येतो तो," आणि मीही होकारार्थी मान हलवली होती.

तू कोट बाहेर काढून ठेव. इतकंच म्हणतो.

तुझा
बाझील

*

वरचं गाव
९ डिसेंबर

प्रिय ताई,

तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. सार्डिनचे डबेही पोचले, त्यातला एक कानतुटकीने दाताने उघडायचा प्रयत्न केला. तू लिहिलंस, 'मी आजच निघते, साक्षीदार नाही तर नाही, बहीण म्हणून येते.' ते मी बऱ्याच वेळा वाचलं. पण निघू नकोस. का, ते सांगतो.

मी गेलो होतो एलीकाकांकडे. ते चेस्टनट वाळवायच्या खोलीत होते. खाली धुमसती लाकडं, वर फळ्यांवर चेस्टनट, आणि धूर असा की समोरच्याचं तोंड दिसत नाही. मला बरंच वाटलं.

"द्राक्षं संपली," ते म्हणाले. "अजून इथेच?"

"इथेच."

"आता काय तोडतोस?"

"काही नाही काका. कांदे सोलतो."

"बरंय. रडायला निमित्त."

थट्टा होती की काय होतं कोण जाणे. मी सांगायला सुरुवात केली, त्यांनी फावडं हलवून थांबवलं. "योलांद येऊन गेली. तिने सगळं सांगितलं. ती खोटं बोलत नाही, निवडणूक सोडली तर." मग फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "चल."

मला वाटलं सुरूंकडे नेतायत. पण ते वरच्या पायरीवर घेऊन गेले, उरलेल्या माश्यांकडे. सात-आठ खोडं, डोक्यावर पाटीचे दगड, आणि प्रत्येकाला काळी चिंधी. तुमच्या समुद्राकडे हे नसेल. इथे घरातलं कुणी वारलं की मालकाने जाऊन खोडावर टिचकी मारायची, माश्यांना सांगायचं आणि काळं बांधायचं. नाहीतर त्या रुसतात, उडून जातात. लग्न असलं तरी सांगायचं. तेव्हा लाल बांधायचं.

एलीकाका शेवटच्या खोडाच्या मागे गेले आणि बोट ठेवलं. "इथे होती."

"काय?"

"लाल चिंधी. मागच्या बाजूला, मला दिसू नये अशी. तिच्या लहानपणच्या फ्रॉकची होती, मी ओळखली." त्यांनी नाक पुसलं. "ऑगस्टात पाहिली मी. मध काढायच्या वेळी."

ताई, मला हे माहीतच नव्हतं. मला ती एका शब्दाने बोलली नव्हती. कुणाला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं आणि तिने माश्यांना सांगितलं होतं. मी तिथेच दगडावर बसलो. मला हसू आलं, खरंच आलं, कारण पुरावा मिळाला होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "काका, एवढंच सांगा सरकारी वकिलांना. एवढंच पाहिजे."

"मला माहीत होतं. मला सांगितलेलं नव्हतं."

"पण चिंधी तर..."

"जाळली. काळी बांधायच्या आधी लाल काढावी लागते. दोन्ही एकदम ठेवत नाहीत. तिला घरी आणली त्या दिवशीच मी इथे आलो, सोडली आणि जाळली. जे करायचं असतं ते केलं."

मी म्हटलं, नसू दे चिंधी, तुमचा शब्द पुरेल, तुम्ही बाप आहात. माश्या आतमध्ये गुणगुणत होत्या, हिवाळ्यात करतात तशा, अगदी बारीक. मग ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"ऑगस्टापासून मी रोज सकाळी कॉफीला बसताना म्हणायचो, आज सांगेल. मी नाही म्हणणार नव्हतो. वाद घातला असता थोडा, घालायला नको? बापाने काहीतरी बोलायला हवं. मग म्हटलं असतं, कर बाई. तिची आई गेल्यापासून या घरात दोनच माणसं होती. एक माश्यांना सांगत होतं. दुसऱ्याला नाही." मग म्हणाले, "सरकारी माणूस विचारेल, मुलीने तुम्हाला सांगितलं होतं का? मला त्या कचेरीत खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणावं लागेल, नाही, मला सांगावंसं वाटलं नाही तिला. दुसरा कुणी ते टाइप करून घेईल आणि मला वाचून दाखवेल. ते मी करणार नाही. तुझ्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही."

मी काय बोललो ते आता नीट आठवत नाही. तिला तुमची भीती नव्हती, तुमचा वाद चुकवायचा होता फक्त, झाल्याबरोबर तुमच्याकडेच यायचं होतं, असलं काहीतरी. खरं होतं ते सगळं. पण त्या क्षणी असं वाटलं की त्यांच्याच जखमेवर चोळायला मी त्यांनाच मीठ विकत घ्यायला सांगतोय. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. एका खोडाची काळी चिंधी सैल झाली होती, ती घट्ट करत बसले.

निघताना मी फाटकाशी थांबलो. तिथून सुरू दिसतात, बुंधे नाही, फक्त शेंडे. मी म्हटलं, "काका, कागद राहू दे. एकदा जाऊन येतो तिच्याकडे."

त्यांनी फाटकावर हात ठेवला. आवाज चढवला नाही, खेकसलेसुद्धा नाहीत. खरंच माहीत करून घ्यायचं असावं असं विचारलं, "कोण म्हणून?"

ताई, नवरा म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते त्यांच्या जबाबाशिवाय होत नव्हतं. मित्र म्हणून म्हणालो असतो तर ते खोटं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मुलीची पाहिली तशीच पाहिली असेल. मग कडी लावली आणि धुरात परत गेले.

काल सरकारी वकिलांच्या कचेरीतून योलांदबाईंना कळवलंय. मुलीच्या वडिलांना विचारलं, त्यांनी 'मला काही सांगण्यात आलं नव्हतं' एवढंच उत्तर दिलं, त्यामुळे प्रकरण पुढे पाठवता येत नाही. योलांदबाई चिडल्या, टेबलावर हात आपटला, तो बहिऱ्या नवऱ्यालाही ऐकू गेला. मी त्यांना म्हटलं, त्यांनी खरं तेच सांगितलं.

म्हणून येऊ नकोस. ज्याला साक्षीदार लागतो असं इथे काही होणार नाही, आणि नुसतं माझं तोंड बघायला देश ओलांडून येण्यात अर्थ नाही. तुला कळणार नाही कुठे बघायचं, मलाही कळत नाही. परवा मी दक्षिणेला जातोय, ऑलिव्ह तोडायला. तिथे महिनाभर काम आहे. एलीकाकांनी चीज कापताना जे सांगितलं होतं तेच करतोय, हे मला दिसतंय. थांबून बघितलं. थांबायलासुद्धा इथल्या कुणाचं तरी कुणीतरी लागावं लागतं.

नवा पत्ता मिळाला की कळवतो. मोजे घातलेत. गुडघ्याला शेक दे.

तुझा भाऊ
(हे एक नातं तरी माझं कागदावर आहे)
बाझील