इंजिनातल्या अक्षता

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय विजयेंद्र,

पूर्ण नाव पाहून तुला अंदाज आलाच असेल. लहानपणी अम्मा तुला पूर्ण नावाने हाक मारायची, तेव्हा तू मागच्या कंपाउंडवरून उडी टाकून पसार व्हायचास. आता तू बंगळूरला आहेस, म्हणजे उडी आधीच टाकून झालेली आहे. फोनवर मी बोलायला लागले की तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून हे पत्र.

गुडघे बरे झाले असतील अशी आशा आहे. आशा खरी आहे. मी तुझी थोरली बहीण आहे, तुझ्या गुडघ्यांशी माझं काही वैर नाही. वैर आहे ते त्या दिवशी तू बोललास त्या वाक्याशी. त्या वाक्यापायी आपले अण्णा गेला महिनाभर असं धरून चालले आहेत, की त्यांच्या येझदी मोटारसायकलचं इंजिन त्यांच्याच हातून बिघडलं आणि पोटचा मुलगा लॉरीखाली जाता जाता वाचला. इंजिन कोणी बिघडवलं ते तुला ठाऊक आहे, मलाही आहे. अण्णांना तेवढं ठाऊक नाही.

तुला विसर पडला असेल, तर क्रमाने सांगते. दसऱ्याच्या सुट्टीत तू आलास तोच नवीकोरी पान्यांची पेटी घेऊन. अण्णांच्या गाडीचं इंजिन आपण स्वतः खोलायचं, नवा पिस्टन घालायचा, मेकॅनिकची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, इंटरनेटवर एक गृहस्थ सगळं दाखवतात, असं तू म्हणालास. विद्या गुरुमुखातून घ्यावी हे आम्ही पाठशाळेत शिकलो. तुझे गुरुजी दर पाच मिनिटांनी जाहिरातीसाठी थांबत होते, तरी मी गप्प राहिले. गिअरबॉक्सचं जुनं ऑइल तू माझ्या परातीत काढलंस आणि परात माझ्याच रांगोळीवर लवंडलीस. नट हलेना म्हणून पान्यावर उभा राहिलास, तेव्हा नट जागेवर राहिला आणि तू जमिनीवर आलास. पिस्टनची चिमुकली क्लिप उडाली ती घरभर शोधल्यावर तुळशीच्या कुंडीत सापडली. वॉशर ठेवायला तुला अम्माचा मसाल्याचा डबाच बरा सापडला. त्या रात्री सारात मोहरीबरोबर एक वॉशर तडतडला आणि अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अम्मा गेल्यापासून ते तसे हसले नव्हते. म्हणून मी तुला सगळं माफ केलं होतं, रांगोळीसकट.

मग आली आयुधपूजा. आदल्या संध्याकाळी इंजिनचं डोकं उतरलेलं, पिस्टन बाहेर, वरचं तोंड आ वासलेलं. तुला अजून काम करायचं होतं. अण्णांनी पाने तुझ्या हातातून काढून घेतले आणि देवासमोर ओळीने मांडले. पूजेला बसलेलं आयुध विजयादशमीपर्यंत उचलायचं नाही, हा नियम या घरात तुझ्या सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहे. तू कुरकुरलास, पण ऐकलंस. गाडीचीही पूजा झाली, दरवर्षी होते तशी. गंध, कुंकू, सेवंतीची माळ आणि मंत्र म्हणून इंजिनवर अक्षता. पण त्याआधी अण्णांनी काय केलं? त्यांचा जुना पंचा चौपदरी घडी करून त्या उघड्या तोंडावर ठेवला आणि सुतळीने आवळून बांधला. कचरा जाऊ नये म्हणून, मला म्हणाले. अक्षता पंचावर पडल्या. विजयादशमीला ती सुतळी अम्माच्या कात्रीने तू कापलीस. पंचा मी धुतला. त्यावरचं ऑइलचं काळं कडं अजून गेलेलं नाही.

त्याच दिवशी तू इंजिन बसवलंस. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकलंस, नवं भरलंस. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. पेट्रोलात ऑइल घातलंस का, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, घातलंय अण्णा, महागातलं घातलंय. तू घातलंस ते गिअरबॉक्सात. तुझ्या बंगळूरच्या बाइकला ऑइल खाली वेगळं भरतात आणि टाकीत पेट्रोल नुसतं. येझदीचं तसं नाही. तिच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं. नाहीतर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि चिकटून बसतो. हे मला, संस्कृतच्या मास्तरणीला, ठाऊक आहे, कारण दर शनिवारी अण्णा पेट्रोलात ऑइल घालून ढवळताना बघतच मी मोठी झाले. तूही झालास. अण्णांना शंका आली असणार, कारण ते आत जाऊन ऑइलची बाटली घेऊन आले आणि तुझ्याजवळ ठेवली. तू मोबाइलमध्ये होतास.

हुणसूर रोडला येलवालच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक जागच्या जागी थांबलं. तू घसरत गेलास, मागच्या लॉरीवाल्याने ब्रेक मारला, देवाने राखलं. हे मी आजही हलक्याने लिहू शकत नाही. तू रिक्षातून घरी आलास, मी गुडघे धुतले, अण्णा दारात उभे होते. काय झालं रे, एवढंच त्यांनी विचारलं.

तू म्हणालास, "अण्णा, उघड्या इंजिनात अक्षता टाकल्यात तुम्ही. त्याच अडकल्या."

"मी झाकलं होतं ना रे?"

"नाही, अण्णा. तुम्हाला आठवत नाहीये."

मी तिथे कापूस हातात घेऊन बसले होते. पंचा होता, मी पाहिलाय, असं मी म्हणाले. तेव्हा तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, म्हाताऱ्या माणसासमोर वाद नको अशा अर्थाची. फार समजूतदार मान होती ती. वाटतं, त्याच क्षणी एक चापट द्यायला हवी होती, पण गुडघे रक्ताळलेले होते.

आमच्या शास्त्रात काकतालीय म्हणून एक न्याय आहे. कावळा ताडावर बसला आणि तेवढ्यात फळ पडलं, म्हणून फळ कावळ्याने पाडलं म्हणायचं. तुझा कावळा त्याहून गरीब. तो झाडावर बसलाच नव्हता, पंचावर बसला होता, तरी फळ त्याच्याच नावावर. आणि आमचा तो गोष्टीतला पंडित, तेलाला भांड्याचा आधार की भांड्याला तेलाचा हे बघायला भांडं उलटं करणारा, त्याला मी इतकी वर्षं वर्गात हसत आले. निदान त्याच्याकडे तेल तरी होतं.

तू गेल्यावर कुंड्या सरकवताना ती ऑइलची बाटली सापडली. झाकणाचं सील जसंच्या तसं. गाडी मी टेंपोत घालून हूटगळ्ळीला मंजुनाथच्या गॅरेजात पाठवली. त्याने आठ-दहा दिवस नाळे बा, नाळे बा करत घालवले, म्हणजे उद्या ये, उद्या ये. शेवटी कॉलेज सुटल्यावर मी त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले, तेव्हा इंजिन उघडलं. पिस्टन नळकांड्याला असा चिकटला होता, की लाकूड लावून हातोडीने पाडावा लागला. मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तांदळाचा एक दाणा नाही, कुंकवाचा ठिपका नाही. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं, तर गंगाजळासारखं स्वच्छ, ऑइलचा रंग नाही की तवंग नाही. बाटली, पिस्टन, पेट्रोल, तिन्हींचे फोटो मी तुला पाठवले. तुझं उत्तर आलं, "होगली बिडु अक्का, झालं ते झालं."

जाऊ दे म्हणायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा असतो, विजू. तुझं काय गेलं?

अण्णांचं काय गेलं ते सांगते. दुसऱ्या दिवसापासून ते देवपूजेला बसले नाहीत. मीच करते. ते दारातून नमस्कार करतात, आत येत नाहीत, हात भरवशाचे नाहीत म्हणतात. गॅस बंद आहे का हे मला तीनतीनदा बघायला लावतात, आणि तो त्यांनी स्वतःच बंद केलेला असतो. मला मरवू लागलाय, म्हणजे विसरायला होतंय, असं शेजारच्या वनमालाबाईंनाही सांगून आले. पूर्वी नावं सहज आठवायची, आता आठवलेलं नावही बरोबर असेल का म्हणून उच्चारत नाहीत. मी पंचा दाखवला, त्यावरचं कडं दाखवलं, बाटली दाखवली. सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, वनजा. तो कशाला खोटं बोलेल?" यापुढे माझं सारं न्यायशास्त्र संपतं. त्यांच्यापाशी प्रमाण एकच, तुझा शब्द.

परवा अण्णांचे दोस्त शंभूराव, त्यांच्या नातीचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. अण्णांनी टाकल्या नाहीत. मूठ तशीच मिटलेली. घरी आल्यावर त्यांनी त्या टेबलावर उतरवल्या, तेव्हा तळहाताच्या घामाने कुंकू सुटून हात लाल झाला होता. नवरा-नवरीच्या अंगावर माझ्या हातच्या नकोत, असं म्हणाले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, आणि हे असलं म्हणतो.

आणि याच वेळी तुला बंगळूरच्या कनकपुरा रोडवरचं ते ज्येष्ठांचं निवासस्थान सापडलं. बाग आहे, डॉक्टर आहेत, सात्त्विक जेवण आहे, संध्याकाळी भजन आहे. तू मला न विचारता थेट अण्णांना फोन केलास. काय बोललास ते त्यांनीच सांगितलं, तुझ्याबद्दल कौतुकाने सांगितलं. आज इंजिनात अक्षता टाकल्यात, उद्या गॅस उघडा ठेवाल, अक्का दिवसभर कॉलेजात असते. वा रे वा. स्वतः विसरलेलं ऑइल बापाच्या विसराळूपणाचा दाखला म्हणून वापरणारा वकील मी पाहिला नव्हता. तो आपल्याच घरात निघावा हे विशेष. मला वाटतं, तू दुष्ट नाहीस. तू फक्त त्या दिवशी मूर्ख ठरायला तयार नव्हतास, आणि मग ते खोटं इतकं सोयीचं निघालं, की सोडवेना. पण यातलं कोणतं अधिक वाईट, ते ठरवायचं काम मी तुझ्यावर सोपवते.

हे पत्र मी आपणहून लिहायला बसले नव्हते. आज सकाळी अण्णा म्हणाले, विजूला कळव, मी यायला तयार आहे. अशी गोष्ट मोबाइलवर सांगू नये, कागदावर लिहावी. आणि हेही लिही म्हणाले, की इंजिनचं त्याने मनाला लावून घेऊ नये, चूक माझी होती. तेवढ्या दोन ओळी लिहायच्या होत्या. मी त्या लिहिलेल्या नाहीत, लिहिणारही नाही. रविवारी ये. त्यांच्यासमोर बस आणि सांग की तुम्ही झाकलं होतं आणि ऑइल घालायला मी विसरलो. त्यानंतरही त्यांना यायचं असेल, तर बॅग मी स्वतः भरीन. तू आला नाहीस, तर सोमवारी मी त्यांना घेऊन तुझ्या दारात येईन आणि तुझ्या बायकोसमोर, लेकीसमोर हाच प्रश्न तुला विचारीन. आता शेजारच्या खोलीतून अण्णांनी विचारलं, झालं का लिहून. मी म्हटलं, होत आलं. ते म्हणाले, लहानसंच लिही गं, त्याला वेळ नसतो.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
वनजाक्का