तीन रंगांचा तक्ता

९ सप्टेंबर १९९६, सोमवार
सोमवारची मीटिंग. दर सोमवारी मूर्तीसाहेब हात मागे बांधून माझ्या भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहायचे. हिरवा म्हणजे साखर कारखान्याचं काम, निळा सिमेंटचं, लाल बंदराच्या क्रेनचं. वर्कशॉप एकच, म्हणून तिन्ही एका कागदावर. आज ते विद्याच्या खुर्चीमागे उभे होते. तसेच, हात मागे बांधून.
विद्या पुण्याची, या कानडी मुलखात नवीन. तिने तिन्ही कामांची वेळापत्रकं कॉम्प्युटरवर वेगवेगळी भरलीत. आता ती एकात जोडणार म्हणे. मी इतकी वर्षं दुसरं काय... असो.

१७ सप्टेंबर, मंगळवार
वि. मला आधी मॅडम म्हणायची. आजपासून अक्का. वर्कशॉपच्या लोकांनी मला अक्का म्हणायला किती वर्षं घेतली. हिने नुसतं ऐकून उचललं.
केस मात्र छान आहेत तिचे.

३ ऑक्टोबर, गुरुवार
तक्ता रंगवला. निळा भरताना कॉन्व्हेंटमधल्या भूगोलाच्या सिस्टर आठवल्या. "हात हलका, एकाच दिशेने. समुद्राला ओरखडे पडत नाहीत, चाइल्ड." अजून तसाच भरते. बघायला कुणी आलं नाही.
रात्री जेवताना हे म्हणाले, "त्या मुलीचा राग येतो का तुला?"
"छे."
"मग आमटी वाढल्यापासून दुसऱ्या कुणाचं नाव का नाही घेतलंस?"

१५ ऑक्टोबर, मंगळवार
जोडलं तिने. पडद्यावर तिन्ही कामं एकाखाली एक, आणि माझं नाव लाल. तिन्ही कामांच्या मालाचा पाठपुरावा माझ्याकडे. फायली वेगळ्या होत्या तोवर कुणाला दिसलं नाही. जोडल्यावर कॉम्प्युटरला एकच बाई एका वेळी तीन ठिकाणी सापडली. वि.ने त्याला ओझं सारखं करायला सांगितलं. त्याने माझी कामं रांगेत लावली आणि क्रेन मार्चमधून जूनमध्ये ढकलली.
साहेब म्हणाले, "अक्का, हे सगळं एकट्या करत होतात? सांगितलं का नाही?"
माझ्या तक्त्यावर कामं होती. माझं नाव घालायचं कधी सुचलंच नाही.
मग म्हणाले, "सरी, ठीक. एक काम अक्कांकडे राहू दे. दोन विद्या बघेल."
तिचं कौतुक, माझी कीव. एकाच दमात.

१९ ऑक्टोबर, शनिवार
उद्या रविवार, म्हणून फॅक्टरीतली आयुधपूजा आजच. लेथना झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. दरवर्षी आमच्या सेक्शनच्या टेबलावर माझी पट्टी नि पेन्सिली पूजेला असायच्या. यंदा कॉम्प्युटर. त्याच्या काचेवर कुंकू. आणि त्याच्या पुढ्यात माझा रंगीत पेन्सिलींचा डबा, वर एक शेवंतीचं फूल.
वि. म्हणाली, "विसरलात ना अक्का? मीच काढला ड्रॉवरमधून."
विसरले नव्हते. कुणाला आठवतंय ते बघत होते. तर आठवावं तिलाच. दुसऱ्या कुणाला आठवलं असतं तर मी रडलेही असते.
निघताना म्हणाली, "मंगळवारी सांगाल ना, कोणतं ठेवणार ते? मला खरं म्हणजे क्रेन हवीय. पण आधी तुम्ही."

२१ ऑक्टोबर, दसरा
हे म्हणतात, "देऊन टाक दोन. स्वल्प आराम कर." साखरेचं ठेवावं म्हटलं तर सिमेंटच्या फाउंड्रीवाल्याला माझ्याशिवाय कोण दटावणार. क्रेनचं मला कधीच फारसं प्रेम नव्हतं. तिला हवीय म्हणाली तेव्हापासून मात्र...
डबा परवा फुलासकट घरी आणला होता. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नसतं. आज दुपारी उघडला.
उद्या एकच पेन्सिल न्यायची आहे. टोक तिन्हींना काढून ठेवलंय.