हिल्माच्या नावावर लागलेली माझी साखर

प्रति,
माननीय प्रमुख संशोधन अधिकारी,
बालमधुमेह पूर्वअंदाज अभ्यास कक्ष,
कुओपिओ, फिनलंड.

विषय : मुलीबद्दलचा दिलासादायक अहवाल रद्द करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २९ जुलैचे पत्र.

महोदया,

मी, यौको हितुनेन, वय ४४, व्यवसाय लिफ्ट तपासनीस, सादर करतो की :

१. माझी मुलगी हिल्मा, वय नऊ, हिच्या रक्तात टाइप वन मधुमेहाची पूर्वखूण सापडली. आजार किती जवळ आला आहे याचा अंदाज घेण्यासाठी आपण तिच्या दंडावर चौदा दिवसांसाठी साखर मोजणारा सेन्सर लावलात व एक जादाही दिलात.

२. चौथ्या दिवशी युहान्नुसचा, ऐन उन्हाळ्यातला सण आला. आपल्या पत्रकात 'सौना टाळावा' असे स्पष्ट होते. तापलेल्या वाफेच्या खोलीत पाच मिनिटे बसण्याला सौना म्हणत नाहीत, असा अर्थ मी काढला. आत प्रथेप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांनी मुलीची पाठ झोडताना एक फटका दंडावर बसला आणि सेन्सर उडून तापल्या दगडांवर पडला. फटका मारणारा प्रस्तुत अर्जदारच होता.

३. जादा सेन्सर पाहताच हिल्मा पळाली ती तळ्याच्या धक्क्यावर. "बघ, मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही," असे म्हणून मी तो स्वतःच्या दंडावर लावून दाखवला. ती म्हणाली, "मग तूच घाल की, बाबा."

४. आपणांस त्याच वेळी कळवायला हवे होते. पण सणासुदीला लोकांना कशाला त्रास द्यायचा, या आमच्याकडच्या सभ्यतेआड मी लपलो. खरे तर लाज वाटली. एकदा चिकटवलेला सेन्सर काढून दुसऱ्याला लावता येत नाही, म्हणून उरलेले दहा दिवस तो मीच वापरला. शास्त्राशी प्रामाणिक राहावे म्हणून मुलगी खाईल तेच खाल्ले, बीअर सोडली, सौनाही सोडला. सासूबाई काळजीने म्हणाल्या, "जावईबापू, डॉक्टरला दाखवा." एका लिफ्टचे वजन दुसरीच्या दाखल्यावर लिहिणाऱ्याला मी जागच्या जागी घरी पाठवले असते.

५. मग आपले पत्र आले : साखर स्थिर, पुढील तपासणी एक वर्षाने. माझी पत्नी सातु आनंदाने रडली. तिने केक केला. मी दोन तुकडे खाल्ले, हेही नमूद करतो. तेव्हापासून हिल्माने पाण्याचा दुसरा ग्लास मागितला की ही आजाराची तहान तर नव्हे, म्हणून मी ग्लास मोजू लागतो. ती लिकोरिसच्या खारट गोळ्या खाऊन पाणी मागते, हे डोळ्यांनी पाहूनही मोजतो. गेल्या आठवड्यात मी दवाखान्यात नेऊन तिचे रक्त तपासून घेतले. ते ठीक आहे. पण ते त्या एका सकाळचे झाले. पुढचे वर्ष कसे जाणार, हे सांगणारे दहा दिवस मी खाऊन टाकले आहेत.

६. काल पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "अर्ज लिही. आत्ता. माझ्यासमोर." ती समोरच बसली आहे.

तरी विनंती की, सदर अहवाल रद्द करून हिल्माची तपासणी नव्याने व लवकरात लवकर व्हावी. अहवाल वाईट आला तरी चालेल असे लिहिणार होतो. चालणार नाही. पण तो तिचा असावा.

आपला चुकलेला व नम्र,
यौको हितुनेन
दि. १४ ऑगस्ट

सोबत :
१) आपले पत्र, मूळ प्रत.
२) मुलीचे स्वहस्ते लिहिलेले संमतिपत्र, पुढीलप्रमाणे : "सुई मलाच टोचा. मी रडेन, पण पळणार नाही. बाबाला मात्र बाहेर बसवा, तो घाबरतो. — हिल्मा"